मल्हार पल्टनचे शिपाई कुठे गेले?
इंदूरच्या सैनिक-स्मरणाबद्दल थोडी टीका, थोडी कबुली

गेल्या ७ डिसेंबरला, ध्वजदिनाच्या निमित्ताने, आपल्या मंडळाने इंदुरातल्या तीन माजी सैनिकांचा सत्कार केला. त्यातले एक माझे मामा. आठ दिवस आधी आमंत्रण द्यायला मी सुदामा नगरला गेलो. मामांनी पत्रिका वाचली, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाले, "अरे, शाली चार झाल्यात घरी. तुमच्या मंडळात कोणाकडे गाडी आहे का? महिन्यातून एकदा महूच्या मिलिटरी हॉस्पिटलला जावं लागतं, आणि माझ्याच्यानं आता बसमध्ये चढवत नाही." मी हसलो. ते हसले नाहीत.

सत्कार झाला, भाषणं झाली, त्यातलं एक माझं. रात्री घरी येऊन स्मरणिकेतला माझाच लेख पुन्हा वाचला. दीड पानाच्या मजकुरात 'शौर्य' सहा वेळा आणि 'नतमस्तक' दोनदा. मामा कोणत्या तुकडीत होते, कोणत्या साली भरती झाले, पायाला काय झालं, यातलं एकही नाही. सख्ख्या भाच्याने लिहिलेला लेख, आणि त्यात कोणत्याही सैनिकाचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं. हे टिपण त्या लाजेतून लिहितो आहे. तेव्हा टीका आधी स्वतःवर, मग मंडळावर, आणि मग जमलं तर शहरावर.

इंदूर हे फौजेचं शहर होतं हे सांगायला ग्रंथ लागत नाही, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तरी पुरे. मल्हार पल्टन, तोपखाना, जिन्सी, पागनीस पागा, मोती तबेला, बक्षी गल्ली. पल्टन पायदळाची, जिन्सी तोफा-दारूगोळ्याची, पागा आणि तबेला घोड्यांचे, आणि बक्षी म्हणजे फौजेची हजेरी नि पगार पाहणारा अंमलदार. हेरिटेज वॉकला आलेल्या मंडळींना ही उलगड करून सांगितली की हमखास वाहवा मिळते. मीही मिळवली आहे. पण ही नावं जरा सावकाश वाचा. पल्टन आहे, शिपाई नाही. तबेला आहे, मोतद्दार नाही. पगार वाटणाऱ्याचं नाव गल्लीला मिळालं, घेणाऱ्याचं नाही. नावानिशी माणूस शोधायचा तर छत्रीबागेत किंवा कृष्णपुऱ्याला जावं लागतं, आणि तिथे भेटतो तो राजघराण्यातला.

होळकरांच्या फौजेतला एक कर्नल मात्र अख्ख्या देशाला ठाऊक आहे, सी. के. नायडू. १९२३ साली तुकोजीराव (तिसरे) होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला, पुढे ते कर्नल झाले. नायडूंबद्दल तक्रार नाही, इंदुरात राहून ती कोण करेल! पण त्यांच्या एकेका षटकाराची आठवण राखणाऱ्या या गावात त्याच फौजेतल्या दुसऱ्या कोणाचं नाव पटकन कोणाच्या तोंडी येत नाही.

आता महिदपूर घ्या. आपल्या संग्रहात या लढाईवर निदान पाच टिपणं असतील, दोन माझी आहेत. २१ डिसेंबर १८१७, क्षिप्रेचा काठ. आदल्या रात्री तुळसाबाई मारली गेली, गादीवर अल्पवयीन मल्हारराव, पगार थकल्यामुळे पलटणी आधीच वारंवार बिथरलेल्या. समोर सर थॉमस हिस्लॉप आणि जॉन माल्कम. होळकरांचे गोलंदाज तोफांपाशी शेवटपर्यंत उभे राहिले, हे शत्रूच्याच लेखणीतून आलेलं आहे. कंपनीकडची हानी पलटणवार लिहिलेली आहे, मेलेले वेगळे आणि जखमी वेगळे, एकूण पावणेआठशेच्या आसपास. होळकरांकडची हानी? 'सुमारे तीन हजार.' गोल आकडा. धान्याची रास नजरेने जोखावी तसा.

लढाईनंतर पंधरवड्यात, ६ जानेवारी १८१८ ला, मंदसौरचा तह झाला. त्या तहाने गफूरखानाला जावरा मिळालं. अमीरखानाने त्याआधीच कंपनीशी वेगळा करार करून टोंक राखलं होतं. महिदपूरचं नाव मानचिन्ह म्हणून कंपनीच्या पलटणींच्या निशाणांवर चढलं. होळकरांची फौज कमी झाली, राजधानी इंदूरला आली आणि महूला इंग्रजी छावणी बसली. आमच्या पाचही टिपणांत हे सगळं आहे, आणि पाचही टिपणं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: फितूर कोण होता? गफूरखान खरंच रणातून निघून गेला का? हा प्रश्न चघळायला मजा येते, त्यात नाट्य आहे. पण ज्याचा उजवा हात तोफेपाशी गेला तो गोलंदाज जानेवारीत काय खात होता, हा प्रश्न पाचांपैकी एकाही टिपणात विचारलेला नाही. सरदारांना संस्थानं मिळाली, शिपायांना रजा मिळाली. या एका वाक्यावर खरं तर सहावं टिपण उभं राहायला हवं होतं.

मग हा प्रश्न विचारायची रीतच आपल्याकडे नव्हती का? होती. आणि ती शोधायला फार लांब जायला नको, शाळेपासून ओळखीच्या एका पुस्तकात ती आहे.

कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवचरित्राची बखर लिहिली. तिच्यातला अफजलखान-प्रसंग सगळ्यांना पाठ असतो: भेट, मिठी, वाघनखं. तिथे टाळ्या पडतात आणि वाचणारा पान उलटतो. पण सभासद तिथे थांबत नाही. तो पुढे हिशेब लिहितो. जे लढाईत कामास आले त्यांच्या मुलांना चालवायचं. ज्यांना मुलगा नाही त्यांच्या बायकांना निम्मं वेतन देऊन चालवायचं. जे जखमी झाले त्यांना जखमेच्या मानाने दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन. आणि हे सांगून झाल्यावर मग मोठमोठ्या लढवय्यांना दिलेले हत्ती, घोडे, कडी, तुरे, गावं.

हा क्रम मी कित्येकदा वाचला होता, पण पाहिला नव्हता. आधी मेलेल्याचं पोर, मग निपुत्रिकाची बायको, मग जखमी, आणि हत्ती-घोडे सगळ्यांत शेवटी. आमच्या सत्काराचा क्रम याच्या बरोबर उलटा असतो: आधी व्यासपीठावरचे पाहुणे, मग शाली, आणि जखमेचा उल्लेख झालाच तर आभारप्रदर्शनात.

सभासदाला डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही, हेही सांगायला हवं. तो दरबारी माणूस आहे. प्रतापगडानंतर तीस-पस्तीस वर्षांनी, धनी हयात नसताना, धन्याच्या मुलासाठी लिहितो आहे. होनांचे आकडे इतके वाटोळे आहेत की प्रत्यक्ष वाटप असंच झालं असेल असं छातीठोक म्हणणं धाडसाचं. पण टीकाकार म्हणून मला आकड्यांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. राजाची थोरवी सांगायची म्हटल्यावर या माणसाला विधवेचं निम्मं वेतन सांगावंसं वाटलं. ते त्याला रुक्ष वाटलं नाही, कारकुनी वाटलं नाही. त्याच्या लेखी वाघनखं आणि पंचवीस होन हे एकाच पराक्रमाचे दोन भाग होते. आणि त्याचं क्रियापद पाहा, 'चालवणे'. घर चालवणं, वंश चालवणं. मान देणं असं तो म्हणत नाही. आपल्या स्मरणिकांतून हे क्रियापद गळून गेलं आहे.

पेशव्यांच्या काळात याच गोष्टीला दप्तरात एक शब्द आहे, बालपरवेशी. लढाईत पडलेल्याच्या लेकराबाळांच्या पोषणाची नेमणूक. फारसी 'परवरिश' आपल्या कारकुनांनी मराठी जिभेवर वळवून घेतला. पानिपतावर माणसं पडली तेव्हा मागे राहिलेल्यांच्या कागदांत हा शब्द येतो. विशेष म्हणजे तो भाषणातला शब्द नाही, खर्चाच्या बाजूचा आहे. त्याचीही मर्यादा उघड आहे: ज्याचं नाव हजेरीत त्याच्याच मुलांपर्यंत नेमणूक पोचणार. बुणग्यांत कोण मेलं, तोफेचे बैल हाकणारा कोण होता, पेंढाऱ्यांच्या पोरांचं काय झालं, त्यांना कोणी परवेशी दिली असेल असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. तरी शब्द होता, खातं होतं.

याउलट आपल्या दगडी परंपरेत जखमी माणसाला जागाच नाही. महाराष्ट्रात गावोगाव वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवपूजा करतो आहे. मला वीरगळ फार आवडतात. पण त्यांची अट कडक आहे, आधी मरावं लागतं. लंगडत घरी आलेल्याचा वीरगळ कोणी घडवत नाही. आजचे चौथरे, ज्योती आणि संगमरवरी पाट्या हे सगळं वीरगळाच्याच वंशातलं. नाव कोरून झालं की काम संपलं. जो जगला त्याच्यासाठी दगड उपयोगाचा नाही, आणि कागद आपण बंद केला.

इथून वीस-बावीस किलोमीटरवर महू आहे, आणि तिथलं सर्वांत मोठं स्मारक एका सैनिकाच्या मुलाचं आहे. १४ एप्रिल १८९१ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले तेव्हा त्यांचे वडील, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, तिथल्या लष्करी शाळेत शिकवत होते. आजोबाही फौजेत होते. नोकरी संपल्यावर रामजी कुटुंब घेऊन कोकणात दापोलीला गेले. तिथला कॅम्प म्हणजे पेन्शनर सैनिकांची वस्ती. महूच्या स्मारकाविषयी आपण लिहितो तेव्हा जन्म आणि जन्मस्थान यांवर थांबतो. मला त्या घराची अर्थव्यवस्था जास्त बोलकी वाटते. पलटणीत मुलांना शिकवायची सक्ती, सुभेदाराचा पगार आणि नंतरचं निवृत्तिवेतन यांनी त्या घरात पुस्तकं आणली. सैनिकाच्या घराची नीट सोय लावली तर पुढे काय घडू शकतं याचा याहून मोठा दाखला मला तरी माहीत नाही.

आणि त्याच सुमारास, १८९२ च्या आसपास, सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकर यांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज केला. वलंगकर स्वतः निवृत्त हवालदार. त्यांना स्वतःला आता त्यातून काही मिळायचं नव्हतं. एका माजी सैनिकाने मागचा दरवाजा उघडा राहावा म्हणून केलेली ती धडपड. आपल्याकडे माजी सैनिक म्हटला की तो सत्कार घेणाऱ्या खुर्चीतच बसलेला दिसतो. मागणी करणारा, अर्ज लिहिणारा, भांडणारा माजी सैनिक आपल्या लेखांत येत नाही. आला तर आपल्याला अवघडल्यासारखं होतं. (अग्निपथ योजनेवर २०२२ मध्ये आपल्या गटात बोलणं निघालं तेव्हा 'राजकारण नको' म्हणून ते थांबवलं गेलं. चार वर्षांनी पेन्शनीविना परतणारा शिपाई हा विषय १८१८ मध्ये इतिहास आणि २०२२ मध्ये राजकारण कसा होतो, हे मला अजून समजलेलं नाही.)

१४ एप्रिललाच आणखी एक स्मरणदिन असतो, तो इंदुरात हमखास विसरला जातो. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले सहासष्ट अग्निशमन जवान मेले. म्हणून हा देशाचा अग्निशमन सेवा दिवस. त्या दिवशी महूला लाखोंची गर्दी असते आणि आपल्याकडच्या बंबांना बंदोबस्ताची कामं असतात. म्हणजे ज्यांचा स्मरणदिन, तेच ड्यूटीवर. होळकरांचे घोडे जिथे बांधले जायचे त्या मोती तबेल्यात आज फायर स्टेशन आहे. यंदा मी सकाळी तिथे गेलो होतो. दोन मिनिटं मौन, मग चहा, मग फोन वाजला आणि गाडी बाहेर पडली. आपल्या मंडळातर्फे तिथे मी एकटाच होतो, आणि मीही खरं तर तबेल्याच्या जुन्या भिंतीचा फोटो काढायला गेलो होतो.

भिंतीवरून आठवण निघाली म्हणून ३० मार्च २०२३ बद्दल लिहितो. रामनवमीला पटेल नगरच्या मंदिरात बावडीवर घातलेला स्लॅब कोसळला, छत्तीस माणसं गेली. पोलीस, एसडीआरएफ, एनडीआरएफ आणि महूहून आलेले लष्कराचे जवान रात्रभर त्या चिखलाच्या पाण्यात उतरत होते. आजूबाजूचे रहिवासी तर त्यांच्याही आधी दोर घेऊन धावले होते. चार दिवसांनी बांधकाम पाडून बावडी बुजवली गेली. आपल्या गटात त्यानंतर आठवडाभर चर्चा चालली, ती बावडीची. बांधणी कोणत्या काळातली, बुजवायला हवी होती की जाळी घालून राखायला हवी होती, शहरात आणखी किती बावड्या अशा झाकलेल्या आहेत. चर्चा चांगली होती, मी तिच्यात हिरिरीने भाग घेतला. पण त्या रात्री खाली कोण उतरलं, कुजलेल्या पाण्यात तासन् तास राहिल्यावर त्यांच्या फुप्फुसांचं आणि झोपेचं काय झालं, हे विचारणारा एकही संदेश त्या आठवड्यात नव्हता. दगडावर प्रेम करणारी माणसं आहोत आपण, ठीक आहे. पण त्या दगडाखालून माणसं काढणारेही या शहराचा इतिहास आहेत.

सांभाळ म्हणजे काय, ते पाहायचं तर पुण्याला आणि खडकीला जावं. अपंग सैनिकांना हाताला काम शिकवणारी क्वीन मेरीज संस्था पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, निघाली. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. पाठीचा कणा जायबंदी झालेल्या सैनिकांसाठीचं पुनर्वसन केंद्र १९७४ चं. तीनही युद्धांच्या पोटातून आलेली, आणि तीनही हेरिटेज वॉकच्या नकाशावर सहसा नसणारी. मुरलीकांत पेटकरांवर २०२४ मध्ये हिंदी सिनेमा आला तेव्हा आपण सगळे पाहून आलो. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्याचं सुवर्णपदक. सिनेमा पदकाकडे धावतो, ते साहजिक आहे. माझं लक्ष मात्र पाण्याकडे राहिलं. पोहणं हा आधी उपचार होता. कोणीतरी एका जखमी जवानाला रोज पाण्यात उतरवत होतं, बाहेर काढत होतं. पदकाचा दिवस एक, ते दिवस शेकडो.

जानेवारीच्या बैठकीत मी एक साधी सूचना मांडली. पुढच्या स्मरणिकेत गौरवलेख नकोत, एक नोंदवही करू. इंदूर-महू परिसरातले मराठी माजी सैनिक, अग्निशमन आणि बचाव दलातले निवृत्त लोक, त्यांची हरकत नसेल तर. रकाने असे: तुकडी किंवा ठाणं, भरतीचं साल, कुठे कुठे होते, जखम, आणि शेवटचा रकाना, दवाखान्यात कोण घेऊन जातं. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "हे इतिहासाचं काम झालं की समाजसेवेचं?" प्रश्न खोचक होता पण गैर नव्हता. मी सभासदाची बखर काढून ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, शेवटचा रकाना पहिला करा. गाडीचं काम त्याच बैठकीत जमलं. दोघांनी आळीपाळीने महिन्यातला एक बुधवार घेतला आहे.

डिस्चार्ज बुक, जुनं पेन्शन कार्ड, पलटणीतला गट-फोटो, फायरमनचा बिल्ला, असं कोणाच्या घरी काही असेल तर कृपया टाकून देऊ नका. मूळ कागद आम्हाला नकोत, फोटो काढून लगेच परत देऊ. होळकरशाहीतल्या पगारपत्रकाचा किंवा नेमणुकीचा एखादा मोडी कागद निघाला तर सोन्याहून पिवळं.

पहिली नोंद मामांची केली. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे वही घेऊन बसलो. ते तेव्हा वैतागलेले होते, कारण दर नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याला मशीन त्यांचा अंगठा ओळखत नाही, रेषाच झिजल्यात, आणि यंदाही बँकेत तीन खेपा झाल्या होत्या. "बॉर्डरवर कोणी विचारलं नाही जिवंत आहेस का म्हणून," ते म्हणाले, "आता दरसाल विचारतात." मग तुकडी सांगितली, साल सांगितलं, ठिकाणं सांगताना थोडे खुलले. जखमेच्या रकान्याशी आलो तेव्हा म्हणाले, "डावा गुडघा लिही." मी लिहिलं. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि उजवा कान. तोफेनं. कानाचं तुझ्या मामीलाही नीट सांगितलं नव्हतं मी."